बसल्याशिवाय सोडायची नाही

माझ्या नणंदेचा एक नियम आहे. स्वतः बसून बघितल्याशिवाय कुठलीही खुर्ची दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. सोफा असो, न्हाव्याची फिरती खुर्ची असो, नाहीतर ट्रक ड्रायव्हरची सीट. गादी भरून, कापड ताणून, शेवटची शिवण घातली की वन्सं हात पुसतात, चपला काढतात आणि बसतात. चांगली पंधरा मिनिटं. गिऱ्हाईक दारात टेम्पो लावून ताटकळत उभं असलं तरी. कुणी म्हणालं, "अहो ताई, उशीर होतोय," तर म्हणतात, "तुम्ही दहा वर्षं बसणार आहात. मला पंधरा मिनिटं बसू द्या." दाताच्या डॉक्टरांची खुर्ची केली तेव्हा तर आ वासून बसल्या होत्या, कारण त्या खुर्चीत माणूस तसाच बसतो. मी शाळेतून घरी येत होते, दारातच हे दृश्य. मला वाटलं झटका आला की काय.

शाळेतून म्हणजे शाळेच्या ऑफिसातून. मी तिथे कारकून आहे. एकतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि दुकानाच्या डोक्यावर एक माळा, असा संसार होता. आजही तेवढाच आहे. माळ्यावर वन्सं राहतात. नवऱ्यापेक्षा त्या चार वर्षांनी मोठ्या. त्यांचंही लग्न झालं होतं, अकरा महिने टिकलं. का मोडलं ते कुणीच कधी धड सांगितलं नाही. मी नवीन होते, जीभ वळवळत होती, एकदा विचारलंच. त्या काथ्या पिंजत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बसून बघितलं. नाही जमलं." विषय संपला.

दुकान सासऱ्यांचं. पाटीवर अजून 'आणि चिरंजीव' असं आहे. चिरंजीव म्हणजे माझा नवरा. माप घेणं, कापडाचे नमुने दाखवणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हे चिरंजीवांकडे, आणि बाकीचं, म्हणजे काम, वन्संकडे. स्प्रिंगा बांधायच्या त्यांनी, गोणपाट ठोकायचं त्यांनी, फोम कापायचा त्यांनी. साडीवर घातलेल्या शर्टाच्या कॉलरला कायम एक वाकडी सुई टोचलेली, चंद्रकोरीसारखी. ती सुई सासऱ्यांची. मुलाला द्यायला काढली होती म्हणे, पण मुलानं पहिल्याच दिवशी अंगठ्यात घुसवून घेतली आणि आकाशपाताळ एक केलं. तेव्हापासून ती वन्संच्या कॉलरला आहे.

नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल फार बरं बोलणार नाही. बहिणीला त्यानं कधी उपाशी ठेवलं नाही, कधी उणा शब्द बोलला नाही. पण पाहुणे आले की एक वाक्य ठरलेलं: "ताईला आम्ही आधार दिला." हे वाक्य तो ज्या खुर्चीत बसून बोलायचा ती खुर्ची वन्संनी केलेली असायची. मला दर वेळी वाटायचं, आता बोलावं. दर वेळी मी चहा आणायला उठायचे.

आता कॅलेंडरचं सांगते, कारण घोळ तिथे झाला. दुकानातून मागच्या खोलीत शिरताना दाराशी एक कॅलेंडर टांगलेलं असतं. घराला आणि दुकानाला मिळून एकच. दुकानाचं काम लिहायचं ते खऱ्या तारखेच्या दोन दिवस आधी. गिऱ्हाइकाला वीस तारीख सांगितली असेल तर कॅलेंडरवर अठराच्या घरात लिहायचं. म्हणजे काम कधी मागे पडत नाही. ही सासऱ्यांची शिस्त. घरचं काही असलं, कुणाची डॉक्टरची वेळ, विजेचं बिल, पाहुणे, तर ते मात्र खऱ्या तारखेलाच. दुकानाचं दोन दिवस आधी, घरचं जसंच्या तसं. बाहेरच्या माणसाला वेड लागेल, पण आमच्या हाडीमाशी ते इतकं भिनलंय की एकतीस वर्षांत एकदाही कुणाची चूक झाली नव्हती.

दाताच्या डॉक्टरांच्या त्या खुर्चीत एक दिवस एक गृहस्थ येऊन बसले. लांबच्या शहरातल्या एका जुन्या नाट्यगृहाचे मॅनेजर. लेकीकडे आले होते आणि दाढ ठणकायला लागली. तासभर तोंडात हत्यारं. उठले तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, दाढेचं राहू द्या, ही खुर्ची कुणी केली ते सांगा. कंबर दुखते म्हणून मी माझ्याच नाट्यगृहात अर्धा तास बसू शकत नाही, इथे तास गेला तरी कळलं नाही. डॉक्टरांनी आमचा नंबर दिला.

फोन नवऱ्यानं घेतला. मी शेजारीच होते. नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या बदलायच्यात, कमिटी बसणार आहे, महिन्याच्या अठरा तारखेला सकाळी अकराला नमुना घेऊन या. नवरा फुलला. "येतो ना, मी स्वतः येतो." तिकडून मॅनेजरचा आवाज मलाही ऐकू आला, दाढ काढल्यावर माणूस बोलतो तसा जाड. "तुम्ही नका येऊ. खुर्ची करणाऱ्या बाई आहेत ना, डॉक्टर म्हणाले. त्यांना पाठवा. कमिटीला त्यांच्याशी बोलायचंय."

एकतीस वर्षांत त्या दुकानात वन्संना कुणी विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दोन हातांच्या अंतरावर होत्या, तोंडात खिळे होते. त्यांनी खिळे एकेक करून तळहातावर काढले आणि म्हणाल्या, "जाईन."

नवरा म्हणाला, "बघू." आणि कॅलेंडरवर लिहिलं: थिएटर.

चार दिवसांनी माझ्या फोनवर विमान कंपनीचा सेल आला. तिकीट इतकं स्वस्त की बसवाल्यांनी लाजावं. गाडीनं जायचं तर दीड दिवस, विमानानं दोन तास. मी डबा खाता खाता कॅलेंडर आठवलं, सोळा तारखेच्या घरात थिएटर, म्हणजे पंधराच्या सकाळी निघून... नको, सोळालाच पहाटेचं विमान पकडलं तर साडेआठला पोचतील, अकराला कमिटी. अगदी काटेकोर. तारीख, नाव, वन्संचा फोन नंबर, सगळं भरलं आणि बोट दाबलं. जाण्याचंच काढलं, परत कधी येतील कुणास ठाऊक. खिडकीजवळची जागा मिळाली. संध्याकाळी वन्संना सांगितलं आणि त्या रात्री माळ्यावरून गुणगुणल्याचा आवाज आला. गाणं कुठलं ते कळलं नाही, कारण सूर नावाची गोष्ट त्यांच्या वाटेला आलेली नाही.

मग उगवली आठ तारीख. मॅनेजरांचा फोन: "तर मग अठराला भेटू."

मी फोन ठेवला आणि कॅलेंडरपाशी गेले. सोळाच्या घरात थिएटर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्यानं ते दुकानाचं काम म्हणून लिहिलं होतं, दोन दिवस आधी. मी ते घरचं म्हणून वाचलं होतं, जसंच्या तसं. फोनवर अठरा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, पण या घरात कानापेक्षा कॅलेंडरवर विश्वास. आणि मला ते दुकानाचं वाटलंच नव्हतं. बोलावणं वन्संना आलं होतं, मग ते वन्संचं. साधी गोष्ट. पण साधी गोष्ट या घरात कुणी कधी केली नव्हती.

नवऱ्यानं आधी कपाळाला हात लावला, मग त्याच्या चेहऱ्यावर हळूच एक शांतता आली. ती मला आवडली नाही.

"रद्द कर," तो म्हणाला.

"अहो, सेलचं तिकीट आहे. रद्द केलं तर हातात येणार ते विमानतळावरच्या एका चहापुरतं. चहासुद्धा साधा."

"तारीख बदल मग."

"बदलायचा दंड तिकिटापेक्षा जास्त. सतराचं नाहीतर अठराचं नवीन काढलं तर चौपट. आणि अठराचं पोचतं दुपारी दोनला."

"म्हणजे झालं," तो म्हणाला. "नाहीच योग. रद्द कर, चहा तर चहा. मी मॅनेजरला कळवतो की जमत नाही."

"दोन दिवस आधी गेल्या तर काय बिघडलं?"

"एकटी बाई, एकोणसाठ वर्षांची, अनोळखी शहरात दोन दिवस काय करणार? राहणार कुठे? आणि दवाखान्याची बारा स्टुलं पडलीत, ती कोण करणार? मी?"

हा शेवटचा प्रश्न त्यानं गमतीनं विचारला होता, पण खरा प्रश्न तोच होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला स्पष्ट दिसलं की तो घाबरलाय. ताई हरेल म्हणून नव्हे. ताईला जमलं तर, म्हणून.

वन्सं एका सोफ्याच्या हाताला रेक्झिन ताणत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "अगं, तिकीट रद्द केलं की त्या जागेचं काय होतं?"

"दुसऱ्या कुणाला तरी विकतात."

"आणि रद्द नाही केलं, आणि माणूस गेलंच नाही तर?"

"रिकामी जाते जागा."

"वर आकाशात? रिकामी खुर्ची?"

"हो."

त्यांनी रेक्झिनची घडी बोटानं सपाट केली. "अजब आहे," म्हणाल्या. एवढंच. त्यांच्या मनात काय चाललंय याचा त्यांनी मला थांग लागू दिला नाही, आणि मला रागच आला. चूक माझी होती, जीव माझा खालीवर होत होता, आणि या बाई घड्या मोडतायत. म्हटलं, वन्सं, एकदा तरी तोंड उघडा. दंतवैद्याच्या खुर्चीत उघडलंत तसं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणं झाल्यावर नवऱ्यानं मुद्द्याला हात घातला. ताटं उचलली नव्हती. "केलंस का रद्द?"

"नाही."

"आण इकडे फोन."

मी फोन काढला. तिकीट उघडलं. खाली लाल अक्षरांत 'रद्द करा' होतं. त्यावर बोट ठेवलं की विचारतो, 'तुम्हाला नक्की रद्द करायचं आहे का?' यंत्रसुद्धा दोनदा विचारतं. या घरात मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला वरच्या परीक्षेला बसायचं होतं, फॉर्म भरला होता, आणि असंच जेवण झाल्यावर याच माणसानं सहज म्हटलं होतं, "यंदा नको, घरात गडबड आहे." मी फॉर्म मागे घेतला. दुसऱ्या दिवशी चूल तशीच पेटली, कुणाला काही फरक पडला नाही. मला पडला. अजून पडतो.

"माझ्याच्यानं नाही होणार," मी म्हणाले.

"काय नाही होणार? बोट दाबायचंय फक्त."

"बोट माझं आहे ना. नाही दाबत."

इतक्या वर्षांत मी त्याच्यासमोर असं बोलले नव्हते. माझा आवाज मलाच परका वाटला, आणि खरं सांगते, फार आवडला. नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि स्वतः दाबलं. मग भुवया उंचावल्या. "कसले तरी सहा आकडे मागतोय. प्रवाशाच्या नंबरवर पाठवलेत म्हणे."

त्याच क्षणी वन्संच्या एप्रनच्या खिशात टुंग झालं.

वन्संचा फोन जुना, बटणांचा. त्यांनी तो काढला, हात लांब करून डोळे बारीक केले. "आलेत," म्हणाल्या. "सहा आहेत."

"सांग."

"नाही सांगत."

नवऱ्याला वाटलं, ऐकू आलं नाही. "अगं ताई, आकडे सांग. मला इथे घालायचेत."

"कळलं. नाही सांगत."

"अर्ध्या मिनिटात मुदत जाते त्याची!"

"जाऊ दे."

आणि ती गेली. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाभोवती बसून एका मुदतीला जाताना बघत होतो. नवऱ्याचा तिळपापड झाला. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा टुंग. वन्संनी पुन्हा तितक्याच निगुतीनं फोन लांब धरला. "हे वेगळे आहेत. यात दोन नऊ आहेत."

"ताई!"

"दोन नऊ आहेत एवढं सांगितलं. पुढचं नाही."

मला हसू फुटलं. तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते. नवऱ्यानं तिसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा टुंग झालं, वन्संनी या वेळी फोन काढलासुद्धा नाही, नुसता खिशावर हात ठेवला. मग माझ्या फोनवर आलं की प्रयत्न फार झाले, आता चोवीस तासांनी या. यंत्राचीसुद्धा सहनशक्ती संपली.

"हे काय चाललंय?" नवरा उभा राहिला. "मी काय तुझा शत्रू आहे? माळ्यावर तीस वर्षं..."

"आधार दिलास," वन्सं म्हणाल्या. "माहीत आहे. तो आधार कसा भरलाय तेही माहीत आहे, मीच भरलाय." त्या बोलत होत्या तो आवाज मोठा नव्हता. "हे बघ, बाबांनी मला एकच गोष्ट शिकवली. न बसता खुर्ची सोडायची नाही. ही जागा माझ्या नावावर आहे, खिडकीजवळची. मी तिच्यात बसलेली नाही. मग मी ती सोडू कशी?"

"अगं पण दोन दिवस आधी!"

"तर दोन दिवस बसून राहीन कुठेतरी. बसण्याचीच तर मला सवय आहे."

नवरा दुकानात गेला आणि दिवा न लावता काउंटरमागे बसला. मी ताटं उचलली. वन्सं मला मदत करायला आल्या नाहीत, नेहमी येतात. तिथेच बसून राहिल्या, खिशावर हात ठेवून.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी तयारी केली. तिकीट स्वस्त, म्हणून सामान फक्त हातातलं, ते ठरल्या मापाच्या पिशवीत मावेल एवढंच. अख्खी खुर्ची नेणं अशक्य. वन्संनी विमान कंपनीनं दिलेलं माप माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि त्या मापाची एक बसकण केली, नुसती बसकण, पाठ नाही, पाय नाही. खाली पट्टे, वर काथ्या, त्यावर फोम, गडद हिरवं कापड. पिशवीत घातली तेव्हा चहूबाजूंनी एक बोटही जागा उरली नाही. दोन साड्या आणि दात घासायचा ब्रश त्यांनी बसकणीच्या पोटातल्या पोकळीत कोंबला. म्हणाल्या, "कंपनीला माप कळतं, कारागीर कळत नाही." राहायला मी बायकांचं एक वसतिगृह शोधलं, नाट्यगृहापासून चालत दहा मिनिटं.

सोळाला पहाटे मी त्यांना विमानतळावर सोडलं. नवरा उठला होता, दाढी करण्याचं नाटक करत होता. दारातून बाहेर पडताना म्हणाला, "स्वेटर घेतलास का? विमानात गार असतं म्हणतात." तो आयुष्यात विमानात बसलेला नाही. वन्सं म्हणाल्या, "बसकण पांघरीन."

विमानतळाच्या दारावर न्यायला मनाई असलेल्या वस्तूंची चित्रं होती. कात्री, चाकू, सुऱ्या. वन्सं त्या चित्रांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात कॉलरकडे गेला. दारावरच्या शिपायाला विचारलं, "ही चालेल?" तो म्हणाला, "आजी, टोकदार काही नाही." वन्संना आजी म्हटलेलं खपत नाही. तरी सुई काढली. एकतीस वर्षांत त्यांच्या कॉलरला ती नाही असं मी पाहिलं नव्हतं; कापडाला तिथे दोन बारीक भोकं पडली होती. माझ्या ब्लाउजच्या गळ्याला त्यांनी ती टोचली. "हरवलीस तर परत येणार नाही मी," म्हणाल्या आणि आत गेल्या. मागे वळून बघितलं नाही. मी बराच वेळ काचेला नाक लावून उभी होते. रडले. आनंदानं की कशानं, विचारू नका.

साडेनऊला फोन आला. पहिलं वाक्य: "बसकण पातळ आहे त्यांची. पाठ सरळसोट. पण शिवण चांगली घातलीय हो, एक टाका वाकडा नाही."

"आणि खाली काय दिसलं?"

"खाली कशाला बघू? मी पुढच्या सीटची मागची बाजू बघत होते."

मग दिवसभर पत्ता नाही. संध्याकाळी मी फोन केला तर कुजबुजत म्हणाल्या, "नंतर कर, आठव्या रांगेत आहे." दुसऱ्या दिवशी "बाराव्या रांगेत." मला वाटलं, दिवसभर नाटकंच बघतायत. म्हटलं बघू देत, आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी आहे.

नाटकं नव्हती. नाट्यगृह झाडणाऱ्या बाईशी त्यांनी पहिल्याच सकाळी ओळख काढली. तिची झाडायची खुर्ची, म्हणजे दमल्यावर टेकायची, मोडकी होती. वन्संनी ती सुतळीनं बांधून दिली आणि आत शिरकाव मिळवला. दोन दिवस, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, त्या प्रत्येक खुर्चीत बसल्या. पंधरा मिनिटं जमणार नव्हती, म्हणून मिनिटभर. तीनशे चाळीस खुर्च्या. कुठली करकरते, कुठल्या खुर्चीची स्प्रिंग डाव्या मांडीला टोचते, कुठे लोकांनी घाम पुसून पुसून खुर्चीचे हात काळे केलेत, कुठे पुढचा माणूस उंच नसला तरी रंगमंच दिसत नाही कारण बसकणच खचलीय, सगळं एका वहीत.

अठराला अकरा वाजता कमिटी बसली. हे मला नंतर मॅनेजरांनी सांगितलं, वन्संनी नाही. आणखी तीन कंपन्यांची माणसं होती, कोटातली, जाड अल्बम घेऊन. वन्संनी पिशवीतून हिरवी बसकण काढून टेबलावर ठेवली, आधी त्यातून साड्या काढून. कुणीतरी हसलं. कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुमच्याकडे अनुभव काय, एवढ्या मोठ्या कामाचा?"

वन्सं म्हणाल्या, "तुमच्या तीनशे चाळीस खुर्च्यांत मी बसून आले. तुमच्यापैकी कोण किती खुर्च्यांत बसलंय?"

मॅनेजर मला सांगत होते, मी कमरेवर हात ठेवला आणि खाली बघितलं. मग कोटातल्या एकानं विचारलं की असं असेल तर बाराव्या रांगेतली चौथी कशी आहे सांगा. वन्संनी वही उघडलीसुद्धा नाही. "ती बरी आहे. पाचवीत बसून बघा." तो उठून बसायला गेला आणि त्याच्या पँटला खिळा लागला.

सगळं काम काही दिलं नाही त्यांनी. कमिटी ती कमिटीच. आधी बाल्कनी करून दाखवा म्हणाले, चौऱ्याऐंशी खुर्च्या, जागेवरच, तीन-चार महिने. बाल्कनीच्या मागे सामानाची खोली आहे ती राहायला देतो. पण कागद केला तो वन्संच्या नावावर. 'आणि चिरंजीव' नाही, फक्त नाव.

त्या संध्याकाळी दुकानात बारावं स्टूल तयार झालं होतं. होय, नवऱ्यानंच केलं. आठ दिवसांत बाराच्या बारा. दोन बोटांना पट्ट्या होत्या. दवाखान्याचा माणूस न्यायला आला, अकरा टेम्पोत चढली, शेवटचं तो उचलणार तोच नवरा म्हणाला, "थांबा जरा." आणि त्याच्यावर बसला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, अवघडून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. माझ्याकडे बघेना. मी माझ्या गळ्याची सुई चाचपली आणि आत गेले, नाहीतर हसले असते.

मग वन्संचा फोन आला. मी आवाज मोठा केला. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं: बाल्कनी मिळाली, सुई पोस्टानं पाठव.

नवरा दारातून आत आला. त्याला जे येतं तेच त्यानं केलं. कॅलेंडरपाशी गेला, पेन्सिल उचलली.

"परत कधी येशील, ताई? तारीख सांग, लिहून ठेवतो."

"तीन महिने तरी. अंदाजे पंचवीस तारीख धर."

त्यानं कॅलेंडरची पानं उलटली, ती तारीख शोधली, आणि सवयीनं त्याचा हात दोन घरं मागे गेला. तेवीस. मी बघत होते. पेन्सिल टेकणार तेवढ्यात तिकडून आवाज आला, जणू त्या तिथूनच बघत होत्या.

"आणि हे बघ. दोन दिवस आधी लिहू नकोस. मी दुकानाचं काम नाही."

नवऱ्यानं हात दोन घरं पुढे नेला आणि पंचवीसच्या घरात लिहिलं: ताई. जसंच्या तसं.